जंगलाच्या कडेला कृषिपर्यटन बुडवण्याची खात्रीची कृती

पहिलं काम कमानीचं. शेत, विहीर, संडास यांचं नंतर बघू. कमानीवर हिरव्या अक्षरांत 'सेंद्रिय ग्राम' लिहून घ्या. सेंद्रिय शेतीची बहुतेक मानकं हंगामी पिकांना पेरणीआधी 2 वर्षं आणि फळझाडांना काढणीआधी 3 वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळण्याचा काळ सांगतात, पण तो मातीसाठी. रंगाऱ्याला दोन दिवस पुरतात.

सेंद्रिय प्रमाणपत्र गटाने घ्या, स्वस्त पडतं. नोंदवह्या रोज भरायची गरज नाही. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच अक्षरात सगळ्यांचं वर्ष लिहून काढा. फवारणीचा पंप शेजाऱ्याचा आणा, काल त्यात तणनाशक होतं तरी चालेल. नळीत आणि नोझलमध्ये थोडं उरतंच. एकाच्या मालात रसायनाचा अंश सापडला की अख्ख्या गटाचा माल अडकतो. गावाची एकी म्हणतात ती हीच. निंबोळी अर्क मात्र भर दुपारी फवारा. उन्हाने त्यातला कडू घटक लवकर विरतो, म्हणून जाणते लोक संध्याकाळ धरतात. पण संध्याकाळी पाहुणे फोटो कसे काढणार?

खताचा ढीग गुडघ्याएवढाच ठेवा. लांबी, रुंदी, उंची मीटरभर झाली तर तो आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापेल, तणाचं बी मरेल आणि बायकांना निंदायला काही उरणार नाही. कर्ब-नत्राचं 25-30 ला 1 हे प्रमाण माहितीपत्रकात शोभतं. प्रत्यक्षात नुसतं ओलं शेण आणि ताटातलं उष्टं ओता. हवा खेळली नाही की ढीग सडतो आणि वारा पाहुण्यांच्या खोलीकडेच असतो. कच्चं शेण तसंच शेतात गेलं, तर हुमणीचीही (मुळं खाणाऱ्या अळीची) सोय होते. वाळका पाला हवाच असेल, तर जंगलाच्या हद्दीपलीकडून पोती भरून आणा. तो तिथे कुजतो, पाणी मुरवतो आणि तेच पाणी खाली आपल्या विहिरीला लागतं, हे सगळं पाहुण्यांना फेरफटक्यात सांगायला राखून ठेवा.

संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान 30 मीटर दूर असावा म्हणतात. दूर खणला तर पाहुण्यांना रात्री चालावं लागेल. विहिरीलगतच खणा.

आता पीक. जंगलाला अगदी चिकटून मका, ऊस किंवा केळी घ्या, म्हणजे रानडुकरांना लपायला दाट आणि खायला गोड. मिरची, गवती चहा यांना जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. ती गावठाणाच्या बाजूला लावा, जिथे कुणी येतच नाही. सौर कुंपण मिळालं तर उद्घाटन करा आणि विसरून जा. त्यातून सेकंदाला साधारण एक, काही हजार व्होल्टचा पण निमिषभराचा झटका बसतो, म्हणून जनावर पळतं, मरत नाही. तारेखालचं गवत कापू नका. ओलं गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि डुक्कर निवांत आत येतं. अर्थिंगला वीतभर सळई ठोका. खोल रोवलेल्या तीन सळया, एकमेकींपासून 3 मीटरवर, ही भानगड हवी कुणाला? (घरातली वीज थेट तारेत सोडायचा सल्ला मात्र थट्टेतही देणार नाही. त्यात जनावर जातं आणि पहाटे पाणी धरायला गेलेला माणूसही.)

उरलेलं अन्न उघड्यावर टाका. कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबटे येतात, आणि 'हमखास दर्शन' अशी जाहिरात करता येते. कुत्र्यांना लस टोचायचा खर्च वाचवा. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथरोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, पण आपल्याकडे सिंह कुठे आहेत?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाहुण्यांची पाळी लावू नका. ज्याचं घर रस्त्यावर आणि फरशी चकचकीत, त्याच्याकडेच सगळे पाठवा. पाळीची वही नको, दर मुक्कामामागे गावनिधीत ठरावीक वाटा नको, कडेच्या शेतांच्या राखणीला त्यातून मजुरी तर मुळीच नको. वर्षअखेरीस कागद घेऊन बसा. डुकरांनी पीक उधळलं ती घरं एका बाजूला लिहा, पाहुणे राहिले ती दुसऱ्या बाजूला. एकही नाव दोन्हीकडे आलं नाही, तर कृती साधली. मग कडेच्या शेतांत जनावरं धरायचे फासे लागले, की अहवालात 'जनजागृती कमी पडली' असं लिहा आणि पुढच्या निधीतून कमानीला रंगाचा दुसरा हात द्या.