बाशिंग सुटलं, पट्टा आला

मराठवाड्यात माणसाचं खरं वय काढायचं असेल तर त्याला सप्ताहाच्या काल्याला पंगतीत बसवावं आणि जेवण उरकल्यावर चार हात लांब उभं राहून बघावं. बसताना कुणी नापास होत नाही. बसायला गुरुत्वाकर्षण मदतीला असतं. शेवटची वीतभर तर कारभार त्याच्यावरच सोडलेला असतो, म्हणून तो ‘धप्प’ आवाज येतो. खरा पेपर पत्रावळी गोळा करणारं पोरगं मांडवात दिसलं की सुरू होतो.

आमच्या वयाचा गडी आधी इकडंतिकडं बघतो. तहान नसताना पाण्याचा एक घोट घेतो. मग डावा हात सतरंजीवर, उजवा शेजाऱ्याच्या मांडीवर, एक गुडघा टेकलेला, धोतराचा सोगा स्वतःच्याच टाचेखाली आणि तोंडात ‘इठ्ठला’. अर्ध्यावर येऊन काम थांबतं. पोरगं विचारतं, “मामा, हात देऊ का?”

“कशाला रे? उठायलोय की!” हे उत्तर जमिनीकडं तोंड करून, ओणव्यानंच दिलं जातं.

ह्याचं खापर सगळे गुडघ्यावर फोडतात. मला विचाराल तर गुडघा ही दाराची बिजागरी आहे. दार ढकलणारा वेगळाच असतो. आपल्याला उठवतात ते मांडीचे पुढचे आणि बुडाचे स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के स्नायू झडतात, साठीनंतर वेग आणखी वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्याही आधी निघून जाते. वजनकाटा ह्यातलं काही सांगत नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागेवर चरबीनं केव्हाच रुमाल टाकलेला असतो.

“मी तर रोज पाच किलोमीटर चालतो,” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. चाला की. हृदयाला, साखरेला चांगलंच आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पण त्यालाच जोडून ती आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळायचा सरावही सांगते. हे पुढचं कलम आमच्या मॉर्निंग वॉकच्या मंडळींनी वाचलेलं दिसत नाही. ते पहिल्या फेरीनंतर बाकावर बसून जिल्हा परिषदेचा निकाल लावतात आणि उठताना बाकाच्या पाठीला धरतात. (मे महिन्यात तर सहाच्या आत परत या. वय वाढलं की तहान उशिरा कळते, आणि परभणी-नांदेडचं ऊन तेवढी वाट बघत नाही.)

ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराउजो नावाच्या डॉक्टरांनी आपल्या ह्या पंगतीचीच परीक्षा करून टाकली आहे. अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं, परत उठायचं. बसण्याला 5 गुण, उठण्याला 5. हात, गुडघा, कोपर, काहीही टेकलं की एक गुण गेला. झोक गेला तर अर्धा. त्यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांना असं उठबस करायला लावलं आणि 2012 साली मांडलं, की कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून पंगतीत कुणाला मोजत बसू नका, आधीच लोक कावलेले असतात. घरी करायचं तर कुणीतरी शेजारी पाहिजे, आणि गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी ह्या वाटेला जाऊच नये.

आता उठायचं कसं ते. मांडी सोडून पाय पुढं पसरा आणि पंजे दहा-बारा वेळा वरखाली करा. मांडी घातल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस दाबली जाते, पाय मुंग्यांच्या ताब्यात असतो. त्याच पायावर उठलात की शेजाऱ्याच्या मठ्ठ्यात. मग एका कुशीवर वळून दोन्ही हात-गुडघे टेका. जो पाय बरा आहे त्याचं पाऊल पुढं आणा, दोन्ही हात त्या मांडीवर ठेवा, छाती पुढं झुकवा आणि श्वास सोडत उठा. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. पाठ ताठ ठेवून सरळ वर यायला बघतात, भार मागं राहतो आणि माणूस परत खाली. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं की बूड आपोआप सुटतं. उभं राहिल्यावर लगेच हात धुवायला पळू नका. जेवणानंतर उतारवयात रक्तदाब खाली येतो, उठल्यावर आणखी. जागेवर तीस सेकंद थांबा. ‘कीर्तन छान झालं’ म्हणायला तेवढा वेळ पुरतो.

ताकद परत आणायला खुर्ची आणि दोन वाकळी पुरतात. खुर्ची भिंतीला टेकवायची. प्लास्टिकची असेल तर घसरते, म्हणून नकोच. तिच्यावर वाकळींच्या घड्या ठेवून बैठक उंच करायची. हात छातीवर, पाऊलं खांद्याएवढ्या अंतरावर. उठताना एक-दोन, बसताना एक-दोन-तीन. असं आठ ते दहा वेळा, मग दम खाऊन पुन्हा, एक दिवसाआड. दहाही सोपं वाटायला लागलं की एक घडी काढायची. सगळ्या काढून झाल्या की बाजेवरून, मग पायरीवरून. गुडघे आत वळू देऊ नका, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो, म्हणून मोठ्यानं मोजा. घरातले हसतात, हसू द्या. तीस सेकंदांत हात न लावता साठ ते चौसष्टच्या पुरुषाला 14 आणि बाईला 12 उठबशा जमल्या पाहिजेत, असं एक माप आहे. शाळेत गुरुजींनी त्याहून जास्त काढायला लावल्यात.

गुडघा कटकट वाजतो आणि दुखत नाही, तर वाजू द्या. सुजला, गरम लागला, मध्येच अडकला किंवा दगा देऊन वाकला तर मात्र डॉक्टरकडं. निर्गुडीचा पाला बांधून बरं वाटतं, तेल चोळून त्याहून बरं वाटतं, पण पाल्यानं स्नायू वाढल्याचं मी तरी ऐकलं नाही. गुडघ्याला बाशिंग बांधायचं वय गेलं आणि आता तिथं पट्टा आला. तोही आधार देतो, ताकद देत नाही. रात्री काढून ठेवा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरवा. प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो.

राहिलं ताट. उतारवयात वजनाच्या किलोमागं रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 65 ते 78. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.) आता आपला हिशेब: ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी 15, वाटीभर वरण 6, मूठभर शेंगदाणे 7, पावशेर दूध 8. झाले 36. आणि वरण वाटीभर तरी कुठं असतं? तळाला डाळ असल्याची नुसती अफवा असते. मटकीची उसळ, दही, चालत असेल त्याला अंडी, असं करत करत वर जावं लागतं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे सोयाबीन. शिवारात सोयाबीन, आडत लातूरला, दिवसभर तोंडी भाव सोयाबीनचा, आणि ताटात येतं त्याचं फक्त तेल, ज्यात प्रथिनं शून्य. सगळं सत्त्व पेंडीत, आणि पेंड कोंबड्यांना. घरच्या पोत्यातलं किलोभर काढा. कच्चं दळू नका, पचत नाही. 20-25 मिनिटं उकळून, कडक वाळवून मग दळा. नुसत्या ज्वारीत घातलं तर भाकरी थापणारी बोलणी खाऊ घालील. धपाट्यात घाला, नऊ वाट्यांना एक. लसूण, तीळ, ओवा आणि हिरवी मिरची असली की वास कुणाला लागत नाही. वर दही घ्या. पण धपाटा गरम असतानाच, आणि शक्य असेल तर खुर्चीवर नाही, खालीच बसून.