पांढरे ठिपके दिसले म्हणजे अँटिबायोटिक नव्हे

घशात पांढरे ठिपके दिसले की जिवाणूंचा संसर्ग समजावा, हे घसादुखीच्या कारणांवरच्या लेखातलं विधान मला धोक्याचं वाटतं. टॉन्सिलवर असा थर विषाणूंमुळेही येतो. एपस्टाइन-बार विषाणूच्या तापात तर बऱ्याचदा, आणि अशा रुग्णाला अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं की अंगभर पुरळ उठू शकतं. सोबतची लक्षणं बघा ना! नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुतेक विषाणूच. खोकला अजिबात नाही, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात, तर मात्र स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शंका घेऊन घशाचा स्वॅब तपासावा. ५ ते १५ वयाच्या मुलांत हयगय नकोच, उपचार राहिले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात.

घशापर्यंत वर येणाऱ्या पोटातल्या आम्लाचं तर लेखात नावच नाही. ताप नाही, पण रोज सकाळी घसा खवखवतो, सारखं खाकरावंसं वाटतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर छातीत जळजळ नसली तरी ते आम्लही कारण असू शकतं.

आणि तोंड उघडेना, लाळही गिळवेना किंवा श्वासाला घरघर लागली, तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.