मुक्काम पोस्ट पुढचा आठवडा

अभिनंदन! तुम्ही मूल दत्तक घ्यायला परमुलखात आला आहात, मूल तुमच्याजवळ आहे आणि कायद्याने ते अजून तुमचं झालेलं नाही. निघताना सांगितलं होतं की तीनेक आठवड्यांत सगळं उरकेल. आता भाड्याच्या घरातल्या वॉशिंग मशीनची बटणं तुम्हाला अंधारातही दाबता येतात, म्हणजे सहावा आठवडा नक्की. या काळात कसं वागावं हे कोणी धड सांगत नाही. मी यातून गेले आहे आणि करू नये ते जवळपास सगळं केलं आहे, तेव्हा सल्ला देण्याचा अधिकार माझ्याइतका कोणाला असणार!

सुरुवात परतीच्या तिकिटापासून. तारीख बदलता न येणारंच घ्या, स्वस्त पडतं. ऑफिसातही कामावर रुजू होण्याचा दिवस ठामपणे सांगून ठेवा. मग कोर्टाची तारीख पडेल आणि त्या दिवशी न्यायाधीश रजेवर असतील. पुढच्या तारखेला न्यायाधीश येतील, दुभाषी आजारी पडेल. मध्येच चार दिवसांची सार्वजनिक सुट्टी लागेल, जी तुम्ही सोडून सगळ्या देशाला माहीत होती. दर वेळी खिडकीपलीकडचा माणूस अत्यंत प्रामाणिक चेहऱ्याने सांगेल, "पुढच्या आठवड्यात." लगेच विश्वास ठेवा आणि घरी सगळ्यांना फोन करून कळवा. असं चार वेळा केलं की घरचे फोन उचलल्यावर आधी गप्प राहतात. तेवढाच खर्च वाचतो.

निकाल लागल्या लागल्या बॅगा भरायला घ्या. कित्येक देशांत अपिलाची मुदत संपेपर्यंत तो निकाल अंतिम होत नाही, हे तुम्हाला बॅगा भरून झाल्यावर कळेल. अपील कोण करणार? कोणीच नाही. पण कोणीच करत नाही याची खात्री पटायला मुदत जावी लागते. मग नवा जन्मदाखला, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून वैद्यकीय तपासणी, तपासणीवरून व्हिसा. ही मडक्यांची उतरंड आहे, खालचं हललं की वरची सगळी डुगडुगतात. आमच्या निकालपत्रात माझ्या नावात एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. खिडकीतल्या बाईंनी कागद उजेडाकडे धरला, माझ्या पासपोर्टशेजारी ठेवला, पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर मोजलं आणि तितक्याच हळुवारपणे तो कागद परत माझ्याकडे सरकवला. त्या एका अक्षराचे अकरा दिवस झाले. तुम्ही निकालपत्र हातात पडताच मुळीच वाचू नका. डोळे पाण्याने भरलेले असताना स्पेलिंग काय तपासायचं?

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर मारलेला शिक्का. त्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या फायलीत मुलाच्या फोटोंपेक्षा तेच जास्त असतील. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून हा शिक्का जन्माला आला. तो चौकोनी, प्रत्येक बाजू किमान 9 सेंटीमीटर, आत क्रमवार 10 रकाने, आणि शीर्षक फ्रेंचमध्येच, मग कागद कुठल्या का भाषेतला असेना. हा शिक्का सही खरी असल्याचं, सही करणारा त्या पदावर असल्याचं आणि मोहोर अस्सल असल्याचं सांगतो. मजकूर खरा आहे असं तो कुठेही म्हणत नाही. म्हणजे तुमच्या घरी येऊन कपाटं, हप्ते आणि नवराबायकोतले अबोले तपासून गेलेल्या समाजसेविकेने लिहिलं की हे लोक चांगले आईबाप होतील. तिच्या सहीवर नोटरीची सही, आणि नोटरीच्या सहीवर अपोस्टिल. सगळ्या सह्या खऱ्या निघाल्या. चांगले आईबाप होण्याची जबाबदारी मात्र एकानेही घेतलेली नाही.

या कागदांचा तुम्हाला वैताग येणारच. तो मनात ठेवू नका. प्रतीक्षागृहात मोठ्याने म्हणा, "ज्यांना आपोआप मुलं होतात त्यांना कोणी विचारतं का असले प्रश्न?" शेजारी बसलेली जोडपी मान डोलावतील. नियम कशासाठी आहेत ते मात्र चुकूनही वाचायला जाऊ नका, वैतागाची सगळी मजा निघून जाते. 29 मे 1993 रोजी हेगला आंतरराष्ट्रीय दत्तकाचा करार झाला आणि 1 मे 1995 ला तो लागू झाला. तो म्हणतो की मुलाला त्याच्याच देशात घर मिळतंय का ते आधी बघा. आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच हवी आणि त्या संमतीसाठी पैसे मोजलेले नसावेत. दत्तक घेणाऱ्यांनी त्याआधी जन्मदात्यांना गाठू नये. दोन्ही देश करारातले असतील तर शेवटी कलम 23 चं एक प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर करारातले बाकीचे देश तुमचं दत्तकविधान थेट मान्य करतात. हे सगळं तुमची रजा संपवण्यासाठी मुद्दाम रचलेलं कारस्थान आहे, असं धरून चला. दक्षिण कोरियात आईबाप हयात असलेल्या मुलांचीही कागदोपत्री अनाथ म्हणून नोंद करून त्यांना परदेशी पाठवलं गेलं, आणि तिथल्या सत्यशोधन आयोगाने मार्च 2025 मध्ये त्याबद्दल सरकारला दोषी धरलं. त्या मुलांपैकी कित्येक जण आज म्हातारपणाकडे झुकलेत आणि आईचं नाव शोधतायत. त्यांच्या वेळी कागद भराभर हलत होते. तुम्हालाही तसेच हलायला हवेत ना?

रात्रीचं काय करायचं हा प्रश्न उरतो. मूल झोपलं, नवरा रजा संपली म्हणून आधीच परत गेला, बोलायला कोणी नाही. अशा वेळी दोन वाजता फोनवर बातम्या शोधा. जगभरात 2004 साली सुमारे 45 हजार मुलं अशी एका देशातून दुसऱ्या देशात गेली, त्यानंतर आकडा उतरतच गेला. रशियाने 1 जानेवारी 2013 पासून अमेरिकी कुटुंबांना दार बंद केलं, तेव्हा मुलांना भेटून आलेली, खेळणी देऊन आलेली, पण कोर्टाचा निकाल हातात नसलेली कुटुंबं बाहेरच राहिली. इथिओपियाने 2018 मध्ये दार लावलं. चीनने 2024 मध्ये परदेशातल्या रक्ताच्या नातेवाइकांपुरती आणि सावत्र आईबापांपुरती फट ठेवून बाकी सगळं थांबवलं. आता अंथरुणावर पडा आणि बघा झोप कशी लागते. मी रोज बघत होते.

दिवसा मात्र मूल असतं, आणि ते सांभाळणं त्या मानाने सोपं. पहिल्या भेटीतच त्याने गळ्यात हात टाकले? सगळ्यांना सांगा, "बघा, कसं लगेच ओळखलं आपल्याला!" दुसऱ्या दिवशी ते सामान पोहोचवायला आलेल्या माणसाच्याही गळ्यात पडेल, तिकडे बघू नका. संस्थेत पाळीपाळीने हात बदलत वाढलेल्या मुलाला सगळेच हात सारखे असतात, असली कटकटीची माहिती देणारे डॉक्टर टाळा. ते पुढे असंही सांगतात की काही आठवडे मुलाला भरवायचं, उचलायचं, झोपवायचं ते फक्त तुम्हीच, म्हणजे आपलं माणूस कोण हे त्याला उमगेल. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावा आणि रोज नवे चार काका दाखवा.

मूल रात्री जागं होऊन रडत नाही, याचं विशेष कौतुक करा. आमचा रडायचा नाही. पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठले तर हा डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडलेला, पाय लांब, हात चादरीवर. किती शहाणं बाळ, असं मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलंसुद्धा. रडून कोणी येत नसेल तर मूल रडायचं सोडून देतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ज्या रात्री तो पहिल्यांदा भोकाड पसरून रडला त्या रात्री शेजाऱ्यांनी भिंत ठोकली आणि मला पेढे वाटावेसे वाटले.

उशीच्या खोळीत अर्धं बिस्किट सापडलं तर फेकून द्या आणि स्वच्छतेवर भाषण द्या. दुसऱ्या दिवशी तिथे पूर्ण बिस्किट सापडेल. हीच प्रगती.

मुलासोबत संस्थेतून एखादं पांघरूण आलं असेल. आमच्याबरोबर आलं होतं. मूळचा रंग ओळखू न येणारं, एका कोपऱ्यात चावून चावून कडक झालेलं, आणि वासाबद्दल काय सांगू? आंबूस दूध, जंतुनाशक आणि पंचवीस मुलांचा घाम. असलं काही दिसलं की तत्काळ साठ अंशांवर धुवा. मी दोनदा धुतलं, वर सुवासिक द्रव ओतलं, उन्हात वाळवलं आणि घडी करून मोठ्या अभिमानाने त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तो कोपरा शोधला. नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग पांघरूण जमिनीवर ठेवून दिलं, जसं एखाद्याची चुकून आलेली वस्तू परत करावी तसं, आणि भिंतीशी जाऊन बसून पुढेमागे डोलायला लागला. त्याच्या जुन्या जगातलं एवढं एकच चिरगूट विमानात बसणार होतं, आणि मी त्याला लॅव्हेंडरचा वास लावला होता. तुम्ही धुवायचं विसरू नका.

नाव पहिल्याच दिवशी बदला. अडीच वर्षं ज्या हाकेला तो वळून बघत होता ती हाक तुमच्या बारशाच्या यादीत बसत नसेल तर त्याला तुम्ही काय करणार? आणि कोणी "केवढं पुण्याचं काम!" म्हणालं तर नम्रपणे मान खाली घाला. नाही म्हणू नका. मुलाला अजून भाषा कळत नाही तोवर हे ऐकून घ्यायला काही अडचण नाही.

इतके आठवडे मोकळे मिळाल्यावर काही जण त्या संस्थेत पुन्हा जातात, सांभाळणाऱ्या बाईंशी बोलतात, त्यांचं नाव लिहून घेतात, तो कशाला घाबरतो, कान का ओढतो, झोपताना काय ऐकतो ते विचारतात. मुलाच्या जन्मगावी जाऊन रस्त्याचे, दवाखान्याचे फोटो काढून ठेवतात, कारण पंधरा वर्षांनी तेच विचारलं जाणार असतं. तुम्ही त्यापेक्षा एखादी वेबसिरीज संपवा. आमच्याकडे हँडओव्हरचा फोटो आहे. त्यात मी आहे, नवरा आहे, मूल आहे, आणि उजव्या कडेला निळ्या बाहीचा एक हात आहे. तो हात त्या बाईंचा. फोटो काढणाऱ्याला मीच म्हटलं होतं की जरा जवळून घ्या, फक्त आम्ही तिघं.

राहता राहिली भाषा. ती शिकू नका. दुभाषी आहेच, आणि मूल काय, आपोआप आपली भाषा बोलायला लागेल. त्याची जुनी काही महिन्यांत पुसली जाईल, मग दोघांची सोय. आमचा पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे बघून एक शब्द म्हणायचा. दोन अक्षरी, गोड. मी खोलीत शिरले की म्हणायचा, मी ताट घेऊन येताना म्हणायचा. मी ठरवून टाकलं की हे त्याने मला ठेवलेलं नाव आहे. सगळ्या नातेवाइकांना फोनवर ऐकवलं. सासूबाईंना तर पाठ झालं होतं, त्या पलीकडून त्याच शब्दाने मला हाक मारायच्या.

पाचव्या आठवड्यात दुभाषी घरी आला होता, त्याने ऐकलं. मी कौतुकाने अर्थ विचारला. तो म्हणाला, "याचा अर्थ 'थांब'." पंचवीस मुलं आणि दोन बायका, दिवसभर तोच शब्द. माणूस जवळ आलं की हा शब्द येतो, एवढं त्याला माहीत होतं, म्हणून तो आधीच म्हणून टाकायचा.

शेवटच्या कागदाच्या दिवशी दुभाषी बाहेर फोनवर होता. आमचा नंबर लागला. मी मुलाला कडेवर घेऊन खिडकीशी गेले, फाईल आत सरकवली. आतल्या माणसाने मान वर न करता, पानं उलटत, तोच शब्द उच्चारला.

मुलगा कडेवरून खाली उतरला, मागच्या खुर्चीवर चढला आणि मांडीवर हात ठेवून बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्यावर हात थोपटला.