सात प्रश्नचिन्हं

सकाळी सकाळी वऱ्हाडे काकांचा फोन. "बाबू, माझ्या नावाचं काय झालं बे?"

लिंक उघडली. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या वाचनालयाची सभासद यादी, नव्या वेबसाइटवर. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. काकांच्या आडनावाला सात. व, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. प्रत्येकाला एक. बोटं लावून मोजली, डोकंच सरकलं होतं.

ही यादी काकांनी टाइप केली. वय ७८, एका बोटानं, अख्खा उन्हाळा कूलरसमोर बसून. स्वतःच्याच आडनावापाशी अडले तेव्हा मला बोलावलं, "हा अर्धा र कुठून येते?" मराठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू. कागदावर लिहून दिलं, तो त्यांनी मॉनिटरला चिकटवला.

आणि वेबसाइटवाल्या पोट्ट्यानं? एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली मजकुराची फाइल) काढली, तिची एक्सएमएल (खुणांच्या चौकटीत माहिती ठेवणारी फाइल) केली अन् मोकळा झाला. साध्या सीएसव्हीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, इंग्रजी; त्यात देवनागरी मावतच नाही, एक्सेल सरळ ? टाकते. भलतीसलती रोमन अक्षरं दिसली असती तर बहुतेक परत फिरवता आली असती. प्रश्नचिन्हातून काय काढणार, कपाळ? सेव्ह करायच्या त्याच मेनूत 'सीएसव्ही यूटीएफ-८' आहे, ती युनिकोड वापरते, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे बाप्पा! कहर म्हणजे एक्सेलची मूळ एक्सएलएसएक्स फाइल आतून एक्सएमएलच असते, झिप करून बांधलेली. उघडून पाहा, सगळी नावं शाबूत.

देणगीदारांत एक 'किराणा & जनरल' होतं, तिथं फाइल फुटली. एक्सएमएलमध्ये उघडा & चालत नाही, एस्केप करावा लागते, म्हणजे त्याच्या जागी ठरलेला संकेत लिहावा लागते. यानं & च उडवला. म्हणजे दुकानाचं बारसंच केलं परत.

हो, पोरगा पाच हजारात काम करून राहिला, अन् मेनूतली दोन्ही नावं सारखीच दिसतात. मान्य. पण पान एकदा उघडून पाहायला कोणता कोर्स लागते?

दुपारी त्याला झापायलाच फोन लावला. "दादा, मला वाटलं माझ्याकडे फॉन्ट नाही." आवाज एवढासा. मग झापलं नाही.

आत्ता काकांच्या मूळ फाइलवरून पुन्हा करून राहिलो. त्यांचं नाव दोनदा सापडलं. आधी 'वरहाडे', खालच्या ओळीत 'वऱ्हाडे'. पहिलं खोडायचं विसरले. खोडू का, ठेवू?