‘डीडीला नोएरर,सिंक लावा, डिस्क वाचेल’ हा सल्ला का चुकीचा आहे

लिनक्सवर डिस्क मरायला टेकली की एक सल्ला हमखास मिळतो: डीडी या प्रत काढणाऱ्या कमांडला ‘कॉन्व्ह=नोएरर,सिंक’ आणि ‘बीएस=१एम’ (एका वेळी १ एमबीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, वाचायचा) जोडा; झटपट, हुबेहूब प्रत निघते, दुसरं काही लागत नाही. धडधाकट डिस्कसाठी डीडी उत्तमच आहे. आजारी डिस्कवर मात्र या सल्ल्यापायी वाचू शकणारा डेटाही जातो.

‘हुबेहूब प्रत निघते.’ नाही. नोएरर म्हणजे चूक आली तरी थांबायचं नाही. सिंक म्हणजे अपुरा ब्लॉक शून्यांनी भरायचा, म्हणजे पुढचा डेटा जागेवरून सरकत नाही. पण १ एमबीच्या ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचा एकच सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) गेला, तरी आसपासचा चांगला डेटाही शून्य होऊ शकतो. प्रतीतली खरी शून्यं कुठली आणि डीडीने भरलेली कुठली, हे नंतर ओळखता येत नाही.

एकही बॅड सेक्टर नसला तरी घोळ होतो. ५०० जीबीच्या बहुतेक डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. १ एमबीचे ४,७६,९४० ब्लॉक वाचून झाले की ४८ सेक्टर उरतात. सिंक त्यांच्यामागे २,००० सेक्टरची शून्यं जोडतो. इमेज फाइल (डिस्कची फाइलरूपातली प्रत) १०,२४,००० बाइटने लांबते आणि मूळ डिस्कशी चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही. तेवढ्याच आकाराच्या डिस्कवर थेट लिहीत असाल, तर अगदी शेवटी ‘जागा शिल्लक नाही’ असा एरर येतो आणि माणूस हादरतो.

‘मग बीएस ५१२ ठेवा.’ नुकसान आटोक्यात राहतं, पण वेग पार बसतो.

‘दुसरं काही लागत नाही.’ इथे माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. डीडी सुरुवातीपासून ओळीने वाचत जातो. खराब पट्टा आधीच लागला तर तिथेच डोकं आपटत बसतो, आणि पुढचा चांगला भाग वाचायच्या आत डिस्क दगावू शकते. जीएनयू डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कसाठीचा प्रोग्रॅम अडलेला भाग ओलांडतो, सहज मिळणारा डेटा आधी गोळा करतो आणि मग कठीण जागांकडे वळतो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद मॅपफाईलमध्ये असते, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येतं. ही फाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. पहिली फेरी ‘-एन’ लावून करा (कठीण जागा खरवडत बसायचं नाही), दुसरी ‘-डी -आर३’ लावून (डिस्क थेट वाचायची, खराब जागी तीनदा पुन्हा प्रयत्न). थेट डिस्कवर लिहिताना ‘-एफ’ही लागतो, म्हणजे असेल त्यावर बेधडक लिहिलं जातं, म्हणून आधी डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ कमांडमध्ये सिरियल नंबर ताडून पाहा, कारण रीबूटनंतर एसडीए आणि एसडीबी ही डिस्कची नावं अदलाबदल होऊ शकतात.

‘आधी एफएससीके चालवून डिस्क दुरुस्त करा, मग क्लोन करा.’ हे तर मुळीच करू नका. एफएससीके ही फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड; दुरुस्ती करताना तो मूळ डिस्कवर लिहितो. तो क्लोनवर चालवा, आणि जागा असेल तर क्लोनच्याही प्रतीवर.