ग्रीन कार्ड लॉटरीला "दहावी पास चालतं" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीचा फॉर्म भारतातून कोणीही भरू शकतं, तिला शिक्षणाची अट नावालाच आहे, दहावी पास पुरे, तेही नसेल तर कुठल्याही कामाचा दोन वर्षांचा अनुभव दाखवा, नवरा-बायकोपैकी कोणाचंही शिक्षण धरतात, फॉर्म भरताना एकही सर्टिफिकेट मागत नाहीत म्हणजे तपासतच नाहीत, आणि शेवटी मोठ्या अक्षरात "भरून तर बघा, जातंय काय!" हे वाचून लोक खरंच एजंटकडे जाऊन पैसे देऊन येतात म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी कोणती लॉटरी ते बघू, कारण मेसेजमध्ये दोन गोष्टींची खिचडी झालीये. हा आहे डायव्हर्सिटी व्हिसा, डीव्ही. अमेरिकेने १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात आणला, १९९५ च्या आर्थिक वर्षापासून चालू झाला, वर्षाला जास्तीत जास्त ५५ हजार व्हिसा. आयटीवाल्यांची एच-वन-बी ची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची लॉटरी वेगळी, तिथे कंपनी अर्ज करते आणि डिग्री लागते. डीव्हीला डिग्री लागत नाही, एवढं मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर आहे.

"भारतातून कोणीही भरू शकतं"

नाही. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांपेक्षा जास्त लोक कायमच्या व्हिसावर अमेरिकेत गेले तो देश बाद, आणि भारत त्यात बसतो. पण इथे बघतात ते जन्म कुठे झाला हे, पासपोर्ट कुठला हे नाही. म्हणून मस्कत, दुबई, कुवेत, बहरीनमध्ये जन्मलेली आपली कितीतरी मुलं, नैरोबी किंवा दार-ए-सलामला जन्मलेले, मॉरिशसची मराठी मंडळी, इस्रायलमध्ये जन्मलेली बेने इस्रायली घरांतली पुढची पिढी, या सगळ्यांना हा रस्ता खुला असू शकतो. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी, कारण शिक्षणाच्या अटीवर अडकणारेही हेच.

"दहावी पास पुरे"

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. नियमात हायस्कूल म्हटलंय आणि आपल्याकडे दहावीपर्यंतच्या शाळेला हायस्कूल म्हणायची सवय आहे, तिथूनच हा गैरसमज आला असावा. नियमाचा अर्थ आहे अमेरिकेतल्या बारा वर्षांच्या शालेय शिक्षणाच्या बरोबरीचं शिक्षण, आणि तेही यशस्वीपणे पूर्ण केलेलं. म्हणजे आपल्या हिशोबाने बारावी पास. बारावीला बसलो होतो, एक विषय राहिला, नंतर दिलाच नाही, हे पूर्ण केलेलं धरत नाहीत.

आणि ते शिक्षण रीतसर वर्गात बसून झालेलं हवं. पत्राद्वारे केलेले कोर्स किंवा समकक्ष सर्टिफिकेटं चालत नाहीत, अमेरिकेची स्वतःची जीईडी नावाची समकक्ष परीक्षासुद्धा इथे धरत नाहीत. त्यामुळे ज्यांनी मुक्त विद्यालयातून बारावी केली किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली त्यांनी "बोर्डाचं सर्टिफिकेट आहे ना" म्हणून निवांत बसू नये. मुक्त विद्यापीठात पूर्वतयारी करून बारावीशिवाय थेट बीए केलेल्यांनाही हेच. शेवटचा निर्णय कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याचा असतो आणि तो शालेय शिक्षण कसं झालं हे विचारू शकतो.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेले आपल्याकडे ढीगभर, त्यांचं काय? ज्या शिक्षणावर पुढे कॉलेजात जाता येतं ते आणि नुसतं हातातल्या कामाचं प्रशिक्षण यात अधिकारी फरक करतात. डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, त्यामुळे त्यांच्याकडे मांडायला मुद्दा तरी आहे, मग डिप्लोमा आणि पुढे केली असेल तर डिग्री, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट घेऊन जा. नुसता दहावी आणि आयटीआय असेल तर शिक्षणाच्या बाजूने फार आशा धरू नका.

"कुठल्याही कामाची दोन वर्षं"

शिक्षणाला पर्याय म्हणून अनुभव चालतो हे खरं, पण "कुठल्याही" हा शब्द मेसेजवाल्याने स्वतःच्या मनाने घातलाय. नियम असा की मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं अशा कामाचा अनुभव हवा जे काम शिकायलाच किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. आता असं काम कोणतं हे तुम्ही-आम्ही नाही ठरवत, एजंटही नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेट ऑनलाइन म्हणून साइट आहे, फुकट आहे, कोणीही उघडून बघू शकतं. सर्चमध्ये कामाचं नाव टाकायचं, त्या कामाच्या पानावर खाली जायचं, तिथे जॉब झोन, म्हणजे त्या कामाला किती तयारी लागते त्याची १ ते ५ मधली पायरी, लिहिलेला असतो आणि त्याच्याजवळ एसव्हीपी नावाचा आकडा, काम शिकायला किती काळ लागतो ते सांगणारा. डीव्हीसाठी जॉब झोन ४ किंवा ५ हवा आणि एसव्हीपी ७.० किंवा वर.

अकाउंटंट टाकून बघा, झोन ४, चालतं. ट्रकचालक टाका, झोन २, नाही चालत. आणि इलेक्ट्रिशियन टाकला की झोन ३ येतो, तिथे एसव्हीपी ७ च्या खाली, म्हणजे गल्फमध्ये वीस वर्षं मोठमोठ्या साइटवर काम केलेला, हाताखाली माणसं असलेला इलेक्ट्रिशियनसुद्धा बारावी नसेल तर या दाराने आत जाऊ शकत नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, कारण इथे माणसाचं कसब मोजतच नाहीत, त्या कामाच्या नावापुढे लिहिलेला आकडा मोजतात. पण नियम असा आहे, आणि त्या माणसाला हे आधीच कळायला हवं.

याच मुद्द्यात कोणीतरी "तीन वर्षं अनुभव म्हणजे एक वर्ष शिक्षण" असंही जोडलंय. तो हिशोब एच-वन-बी मध्ये डिग्रीच्या बदल्यात अनुभव दाखवायचा असतो तेव्हाचा आहे. डीव्हीमध्ये तो लागू नाही, दहावी अधिक सहा वर्षं नोकरी म्हणजे बारावी असं होत नाही.

"नवरा-बायकोपैकी कोणाचंही शिक्षण धरतात"

हे अर्धवट खरं आहे आणि म्हणून जास्त धोक्याचं. जोडीदाराकडून जन्माचा देश घेता येतो. शिक्षण घेता येत नाही. ज्याच्या नावाने अर्ज आहे त्या मुख्य अर्जदाराकडेच शिक्षण किंवा अनुभव हवा, बरोबर जाणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांना शिक्षणाची अटच नाही.

समजा बायको मस्कतला जन्मलेली, दहावीनंतर लग्न झालं. नवरा रत्नागिरीचा, बारावी करून बीकॉम. मेसेज वाचून हे काय करतील, तर जन्म ओमानचा म्हणून बायकोच्या नावाने अर्ज, आणि नंबर लागला तरी मुलाखतीत ती शिक्षणावर नापास, तिच्याबरोबर अख्खं कुटुंब. तेच अर्ज नवऱ्याच्या नावाने, त्यात बायकोचं नाव, आणि देश म्हणून बायकोचा ओमान लावला तर चालतं, फक्त दोघांनाही व्हिसा मिळून अमेरिकेत एकत्र प्रवेश करावा लागतो. माणसं तीच, कागद तेच, नुसतं नाव कोणाचं पहिलं यावर सगळं. दोघंही शिकलेले असतील तर दोघांनी वेगवेगळे अर्ज भरावेत, त्याला परवानगी आहे.

"फॉर्ममध्ये सर्टिफिकेट मागत नाहीत, म्हणजे तपासत नाहीत"

फॉर्ममध्ये मागत नाहीत हे खरंय. तिथे फक्त शिक्षणाची यादी येते, फक्त प्राथमिक, थोडं हायस्कूल पण डिप्लोमा नाही, हायस्कूल डिप्लोमा, असं करत डॉक्टरेटपर्यंत, त्यातलं आजच्या तारखेला जे असेल ते निवडायचं. कागद मुलाखतीत मागतात. आणि निवड झाली म्हणजे व्हिसा मिळाला असंही नाही, दरवर्षी लाखाच्या वर लोकांची निवड होते आणि व्हिसा फार तर ५५ हजार. मुलाखतीपर्यंत पोचताना ठरवून दिलेल्या डॉक्टरकडची तपासणी होते तिचे पैसे, मग अर्जदारामागे ३३० डॉलर फी, जी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. चार माणसांचं कुटुंब असेल तर हिशोब करा. "जातंय काय" चं उत्तर हे आहे.

सरकारच्या सूचनांमध्येच स्पष्ट लिहिलंय की दोन्हीपैकी एकही अट पूर्ण होत नसेल तर अर्ज करू नका.

आता सगळ्यात वाईट सल्ला, जो मेसेजमध्ये नाही पण त्याच्याखाली लोक लिहितात, "बारावीचं सर्टिफिकेट करून देणारे आहेत." कृपा करून हे करू नका. खोटा कागद दाखवल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेच्या कायद्यात ती कायमची अपात्रता आहे, माफी ठरावीक परिस्थितीतच मिळते. उद्या मुलगी तिकडे शिकायला गेली आणि तुम्हाला पदवीदान बघायला साध्या व्हिजिटर व्हिसावर जायचं असेल तरी हेच आडवं येणार.

ज्यांची बारावी खरी आहे त्यांनी मूळ मार्कशीट, बोर्डाचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा. आपल्याकडे लग्नानंतर काही घरांत आडनावच नाही तर पहिलं नावही बदलतात, मार्कशीटवर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरीच, अशांनी विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र सोबत ठेवा. मार्कशीट हरवली असेल तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयात अर्ज करून दुसरी प्रत मिळते, तिला वेळ लागतो, आणि डीव्हीचं वर्ष ३० सप्टेंबरला संपलं की त्या वर्षीचा नंबर पुढच्या वर्षी चालत नाही.