सहाला सुटणारी ड्युटी सहाला सुटते का?

‘नोकरीने बायकांची तब्येत जाते’ हे सरसकट वाक्य मला पटत नाही. स्वतःचा पगार आणि घराबाहेरची चार माणसं यांनी जीव उभारी धरतो. तब्येत जाते ती तासांनी, आणि ते तास कधी संपणार हे तिच्या हातात नसल्याने.

हिशोब मांडा. जेवणाच्या सुट्टीसकट ऑफिस 9 तास, जाऊन-येऊन 2, झोप 7. उरले 6. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत बाईचे रोज सरासरी 4 तास 25 मिनिटं जातात, पुरुषाचे 1 तास 23. (ही जगाची सरासरी, त्यात नोकरी न करणाऱ्याही आल्या.) राहिला जेमतेम दीड तास. अंघोळ, जेवण त्यातच. आता सहाला ‘पाच मिनिटांचा’ कॉल येतो आणि पाऊण तास चालतो. पाळणाघराची वेळ सरकत नाही, पोरांची भूक सरकत नाही. सरकते ती झोप.

आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम झालं की पक्षाघाताचा धोका 35–40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं. गंमत म्हणजे त्यात फक्त पगारी तास मोजलेत.

मग करायचं काय? आठवडाभर रोज तीनच वेळा टिपा: काम खरंच कधी थांबलं (पंच कधी केलं ते नव्हे), घरी कधी पोचलात, पाठ कधी टेकली. बहुतेकदा जादा तास एक-दोन ठरावीक मीटिंगांतून येतात. ‘लोड कमी करा’ म्हटलं की साहेब मान डोलावतात आणि विषय संपतो. ‘मंगळवारची साडेपाचची मीटिंग तीनला घ्या’ म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं. शिफ्ट असेल तर दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तास मागा. युरोपीय संघात तो कायदाच आहे. अर्धवेळ घेताना आपलं कुठलं काम कुणाकडे जाणार ते लेखी घ्या, नाहीतर पगार अर्धा आणि काम तेवढंच.

घरातही कामं सुटी सुटी वाटू नका, अख्खी द्या. मुलाची लस म्हणजे तारीख लक्षात ठेवण्यापासून रात्री ताप बघण्यापर्यंत सगळं. ‘तू सांग, मी करतो की’ यात मुकादमी तिच्याकडेच राहते, आणि ती कुठल्याच तासांत मोजली जात नाही.